मध्यंतराआधी मरणारी

मावशी रोज सकाळी जिना उतरताना प्रत्येक पायरी आधी अनवाणी पावलाने चाचपायची. खिळा वर आलेला नाही अशी खात्री पटली की मगच तिच्यावर भार टाकायची. तेरा पायऱ्यांना पाच मिनिटं लागत. खाली काका चहाचा कप घेऊन उभे असत.

"आज पडणार आहेस की चालत येणार आहेस?"

सवय जुन्या कामातली होती. तरुणपणी मावशीने अकरा स्वस्तातल्या रहस्यपटांत काम केलं आणि त्यांतल्या नऊ चित्रपटांत ती मेली. ती नायिकेची मैत्रीण असे, त्यामुळे मध्यंतराआधी मरण्याचं काम तिच्याकडेच. निर्मात्याच्या सासऱ्याचं घर फुकट मिळायचं आणि त्या घरात बघण्यासारखा एक जिनाच होता, म्हणून ती बहुतेक वेळा जिन्यावरूनच पडली. गादी फक्त शेवटच्या पायरीशी अंथरलेली. बाकीच्या पायऱ्या जिच्या तिने बघून घ्यायच्या. पोस्टरवर मांडीपर्यंत उघडा पाय मावशीचा आणि वर चेहरा नायिकेचा. "हा पाय माझा," जुनं पोस्टर उलगडून ती सांगायची, एखादीने वर्गाच्या फोटोत आपला मुलगा दाखवावा तशी.

पुढे वीस वर्षं ती एका दवाखान्यात नंबर द्यायला बसली. एक म्हातारे पेशंट एकदा तिच्याकडे टक लावून बघत राहिले.

"तुम्ही मेला होतात ना?"

"हो. आता बरी आहे. तुमचा नंबर बारा."

एकच गोष्ट तिला आयुष्यभर डाचत राहिली. शेवटच्या चित्रपटात मरण्याआधी तिला तीन मिनिटं बोलायला मिळालं होतं. ती नर्स. डॉक्टर मोडलेला हात गळ्यात अडकवून हिंडतात, पण त्याच हाताने सदऱ्याची बटणं लावताना तिने त्यांना पाहिलंय, हे ती इन्स्पेक्टरला सांगते. त्यावरूनच तो शेवटी खुनी ओळखतो. दिवसाला एक खेळ जास्त बसावा म्हणून थिएटरवाल्यांनी चित्रपट जागोजागी छाटला, त्यात नेमकी ती तीन मिनिटं गेली. त्यामुळे इन्स्पेक्टर शेवटी काही कारण नसताना डॉक्टरकडे बोट रोखायचा आणि लोक खुर्च्या बडवून हसायचे.

"त्या चित्रपटाला अर्थ होता," मावशी म्हणायची. "तो माझ्याकडे होता."

तिने सत्तरी ओलांडल्यावर एका फिल्म क्लबचे चिटणीस घरी आले. त्यांना तो चित्रपट सापडला होता.

"कापलेला की अख्खा?" तिने विचारलं.

"अख्खाच असणार, बाई. रिळांचा डबा चांगला जड आहे."

क्लबने खेळ ठेवला तेव्हा तिच्याबरोबर काकाही निघाले. त्यांनी तिचा एकही चित्रपट पुरता पाहिला नव्हता. ती मरायला लागली की ते चहा प्यायला बाहेर जात. "लग्नाच्या बायकोला दिवसातून तीनदा मरताना कोण बघणार," ते म्हणत.

छोट्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. पडद्यावरची नर्स व्हरांड्यातून इन्स्पेक्टरकडे गेली, तिने तोंड उघडलं आणि पुढच्याच क्षणी ती जिन्यावरून गडगडत होती. काका सवयीने उठले. बघतात तर मावशी आधीच उभी.

"जरा थांबवा," ती चिटणीसांना म्हणाली.

दिवे लागले. मावशीने काकांच्या दंडाला बोट लावलं. "अहो, विचारा."

"काय विचारू?"

"तुम्हाला काय माहीत आहे, असं."

"तुला काय माहीत आहे?" काकांनी विचारलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

मावशी बोलायला लागली. किंकाळीसाठी घेतलेली ही बाई इतकं हळू बोलली, की हसणारे पुढे सरकून बसले. ज्याच्याकडे नोकरी करतो त्याच्याचबद्दल सांगताना माणूस जसा मध्येच स्वतःच्या हातांकडे बघतो, तशी ती बघत होती. एक शब्द चुकला नाही. चौथ्या बटणापाशी ती थांबली, पदर सारखा केला आणि खाली बसली.

"आता लावा. मी पडते."

ती पडली. काका जागचे हलले नाहीत. शेवटी इन्स्पेक्टरने बोट रोखलं तेव्हा कोणी हसलं नाही. मागून एक मुलगी शेजारणीला समजावत होती, "बटणं गं, बटणं."

चार वर्षांनी मावशी गेली. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. आवाजसुद्धा केला नाही. जरा आधीच मी तिचं ताट घेऊन जिना उतरत होते, तेव्हा ती वरून म्हणाली,

"काकांना सांग, चौथी पायरी हलतेय. खिळा मारा म्हणावं, पण पूर्ण आत."