माझ्या नावाचं ‘ओके’

“मेंढरं राखणाऱ्यांना कॉम्प्युटरवर बसवलं की असंच होतं.”

बीडच्या आमच्या ऑफिसात मालक सगळ्यांसमोर मला म्हणाले. टेबलावर मोटरचं जळकं वायंडिंग पडलं होतं. ते घेऊन चकलांब्याचे एक शेतकरी काका आले होते. आमच्या ॲपवरून विहिरीची मोटर चालू-बंद करता येते. काकांनी बंद केली, ॲपनं ‘बंद’ दाखवलं. मोटर चालूच राहिली. विहीर आटली, मोटर जळाली.

मी टेस्टर. दुसऱ्यांनी बनवलेलं तपासते. म्हणून माफी मी मागायची, असं ठरलं. प्रोग्राम लिहिणारा मालकांचा पुतण्या, पुण्याला शिकलेला. तो मान खाली घालून मोबाईल चाळत होता. रेंज गेली की ॲप खोटं दाखवतं, हे मी त्याला आधीच दाखवलं होतं. खेड्यात एवढं कोण बघतं, म्हणून तो हसला होता. मी ग्रुपवर ‘ओके’ लिहिल्याशिवाय ॲप बाहेर जात नाही, अशी आमच्याकडची रीत. मी लिहिलं नाही. घाई मालकांना होती. त्यांनीच लिहून टाकलं, “तिचं ओके आहे.”

माझे वडील धारूरच्या डोंगरात मेंढरं राखतात. लांडग्यानं कोकरू नेलं तर वाघरीची जाळी सैल कुणी बांधली, झोपलं कोण, सगळ्यांना विचारतात. कोकरू कमी आहे, हे मोजून सांगणाऱ्या माझ्या आईवर कुणी ढकलत नाही. एवढी अक्कल मेंढरांच्या वाड्यावरच्या शेंबड्या पोराला असते. एसीत बसणाऱ्या या शहाण्यांना नव्हती. किळस आली मला त्यांची.

ऑफिसात मी जपून, शुद्ध बोलायचे. त्या दिवशी घरची बोली तोंडात आली.

“काका, नवी मोटर बसवली तरी जळंल. ह्यांनी अजून काहीच दुरुस्त केलं न्हाई. मी सांगितलं व्हतं. माझ्या नावानं ओके ह्यांनीच लिवलं.”

मालकांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी खुर्ची सोडली नाही. चकलांब्याचे काका पुतण्याकडं वळले.

“मंग आमची मोटर कावून जळाली, ते आता ह्यो सांगंल.”

पुतण्यानं मोबाईल खाली ठेवला.

मी अजून तिथंच आहे. माझ्या अटीनं आता ग्रुपवर आधी प्रोग्राम लिहिणाऱ्याचं नाव येतं, मग घाई करणाऱ्याचं, शेवटी माझं. ती दोन नावं नसली तर मी लिहीत नाही. काढायचं तर काढा. तुमची घाण झाकायला माझं नाव मिळणार नाही.