दहा नंबरचा पाना

दाजी गेल्याचा फोन सकाळी आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोनवर भाची होती, दाजींची लेक सुनीता. रडणं आवरून तिनं सगळं नीट सांगितलं. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, वगैरे. आणि मग एकदम म्हणाली, "मामा, आण्णांच्या खिशात पाना होता हो... झोपतानाही काढला नव्हता." तोवर मी बरा होतो. पाना म्हटल्यावर मी वस्तरा खाली ठेवला. दाढी अर्धी राहिली आणि तशाच तोंडानं मी नाशिकरोडहून पंचवटीत दाजींच्या घरी पोचलो. दाजी असते तर म्हणाले असते, "शालकसाहेब, अर्ध्यात काम सोडायची तुमची खोड काय जायची नाय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे सायखेड्याचे. सातपूरच्या एका कारखान्यात एकाच यंत्रापुढे त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त झाले तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. हाती पैसे आले तसे कळवणच्या एका शेतकऱ्याकडून त्यांनी जुनी डिझेलची जीप घेतली. आम्ही सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. जीप सुरू झाली की गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या, इतका तिचा धूर. पण दाजींचं ठरलं होतं. "आजवर भिंतीकडं तोंड करून उभा राह्यलो. आता तुमच्या बहिणीला शेजारी बसवतो आन् समुद्र दाखवतो," म्हणायचे. पहिल्या दसऱ्याला जीपची पूजा झाली. अक्काच्या हट्टानं काचेखालच्या फळीवर देवीची छोटी तसबीर बसली आणि तिच्यापुढे हरभऱ्याएवढा तांबडा दिवा. वायरमननं विचारलं, चावी बंद केली की दिवाही बंद होईल असा जोडू का? अक्का कडाडली, "देवीचा दिवा चावीनं इझवायचा? थेट जोडा." त्यानं थेट बॅटरीला जोडला. पेढे खाऊन आम्ही सगळे ती गोष्ट विसरून गेलो.

समुद्र राहूनच गेला. दिवाळीनंतर निघायचं होतं आणि दिवाळीच्या तोंडावर अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरलं ते एवढंच, "हाय का?" पाणी हवं असलं तरी तेच, उशी सरकली तरी तेच. पण बहुतेक वेळा तिला एकच विचारायचं असे, दाजी घरात आहेत का. ते डोळ्यांआड झाले की सुरू, आणि उत्तर आल्याशिवाय थांबायचं नाव नाही. दाजी न्हाणीतून ओरडायचे, "हाय!" कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जायचं तरी जीव मुठीत धरून. सुनीता विंचूरला दिलेली, तिचं तिला पुरेसं होतं. यंत्रापुढून सुटलेला माणूस खाटेपुढे अडकला.

त्यात जीपची बॅटरी उतरायला लागली. चार्ज करावी, ताडपत्री घालून उभी ठेवावी, चार दिवसांनी चावी फिरवावी तर नुसतं टक्. बॅटरी नवी आणली, तीही उतरली. मग रविवारी मी जायचो आणि आम्ही दोघं चोर शोधायला बसायचो. दाजी आधी देवीला हात जोडायचे, मी तसबिरीपुढे झेंडूचं फूल ठेवायचो, मग बॉनेट उघडायचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि बॅटरी आणि वायर यांच्यामध्ये एक बल्ब जोडायचा. गाडीत सगळं बंद असताना तो बल्ब पेटला, म्हणजे करंट कुठंतरी गळतोय. मग एकेक फ्यूज काढत जायचं, ज्या फ्यूजला बल्ब विझेल तिथं चोर. आमचा बल्ब विझेचना. सगळे फ्यूज काढले, डायनमो सोडला, सेल्फ सोडला, हॉर्न काढून ओट्यावर ठेवला, तरी तो आपला मिणमिणतोच आहे. शेवटी एक मेकॅनिक हसत म्हणाला, "काका, एवढी डोकेफोड कशाला? गाडी उभी केली का वायर काढून ठेवायची. दहाचा पाना ठेवा खिशात, विषय संपला." तेव्हापासून जिथं लोक पेन लावतात तिथं दाजींच्या सदऱ्याला पाना आला.

आणि एकदा ते पळाले. दुसरा शब्द मला सुचत नाही. अक्काचा डोळा लागला होता, शेजारीण घरात येऊन बसली होती. वायर काढायला विसरल्यानं बॅटरी उतरलेलीच होती; दाजींनी गल्लीतल्यांकडून धक्का मारून घेतला आणि तडक सायखेडा गाठलं. भावाकडं जेवले, गोदावरीच्या काठावर जाऊन बसले. जीप पुन्हा सुरू व्हायची नाही म्हणून इंजिन बंदच केलं नव्हतं. "लय वाटलं, जाऊच नाय माघारी," ते नंतर मला म्हणाले. "पाप आलं मनात. पण मागं ते इंजिन धडधडत व्हतं ना... मोकळं बसूच देईना." इकडे अक्का जागी झाली होती. शेजारीण कोपऱ्यातल्या मोरीकडे गेली तेवढ्यात ती खाटेवरून उतरली आणि फरफटत खिडकीशी गेली, जीप आहे का बघायला. जीप नव्हती. तिथंच कोसळली, कपाळ फुटलं. दाजी आले तेव्हा टाके घालून झाले होते आणि तिचं "हाय का, हाय का" चालूच होतं.

मग खाट खिडकीशी हलवली. ते दिवस भारनियमनाचे होते, तिन्हीसांजेला वीज जायची आणि अंधारात अक्का फार घाबरायची. अशाच एका रविवारी संध्याकाळी मी घरी परतलो होतो आणि आमचं काम अर्धवट राहिल्यानं जीपची वायर काढायची, ताडपत्री घालायची राहिली होती. वीज गेली, गल्ली काळीठिक्कर झाली आणि जीपच्या काचेआड तांबडा ठिपका दिसला. देवीचा दिवा! ज्याला हात जोडून आम्ही चोर शोधायला बसायचो, ज्याच्यावर मी दर रविवारी फूल ठेवत होतो, तोच; दिवसाच्या उजेडात तो पेटलेला कधी लक्षातच आला नव्हता. देवाकडे संशयानं बघायचं आमच्या बापजन्मी कोणी शिकवलं नव्हतं. दाजी हसायला लागले आणि तेवढ्यात खिडकीतून अक्का बोलली. म्हणाली, "हाय." विचारलं नाही, नुसतं म्हणाली, आणि गप्प पडून राहिली.

हे मला पुढच्या रविवारी कळलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. बॉनेट उघडं, बल्ब जोडलेला, चार्जर ओट्यावर घुमतोय. मी वैतागून म्हणालो, "दाजी, पाना खिशात आहे ना, मग वायर का नाही काढत?"

"सापडलंय, शालकसाहेब," ते हळूच म्हणाले. "पर वायर काढली का दिवा जातो. दिवा दिसला का तिला वाटतं जीप हाय, जीप हाय म्हंजी मी हाय. त्याच्यापायी चार्ज करीत ऱ्हातो."

"मग हे बॉनेट कशाला?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "घरात बसलो का कोंडल्यावाणी व्हतं. बॉनेट उघडं असलं का मी बाहेर बी हाय आन् घरात बी हाय. लग्नाकार्याला कुणी बोलावलं का सांगायला बरं, बॅटरी उतरलीया."

मला त्या वेळी माझ्या सख्ख्या बहिणीचा राग आला. मग खिडकीतलं तिचं टाके घातलेलं कपाळ दिसलं आणि राग कुणावर काढावा ते कळेना. मी बल्ब हातात धरून उभा राहिलो.

अक्का गेली. दिवसकार्य उरकल्यावर दाजींनी दिव्याची वायर काढली. बॅटरी टिकली. एका दुपारी ते स्वतः जीप चालवत माझ्या दारात आले. मी हरखलो. म्हटलं, आता समुद्र! पण चहा निवेपर्यंत त्यांनी कितीदा तरी बाहेर डोकावलं. "निघतो, उशीर झाला," म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "दाजी, आता कोण वाट बघतंय?" त्यांनी कप खाली ठेवला आणि चपला शोधायला लागले. रविवारी गेलो तर दिवा पुन्हा जोडलेला, बॅटरी उतरलेली, बॉनेट उघडं. मला म्हणाले, "या. बघू, कुठं गळतंय ते." मी फूल ठेवलं आणि बल्ब धरला. शेवटपर्यंत आमचे रविवार असेच गेले.

परवा सुनीतानं बोलावलं होतं. जीप द्यायची ठरली आहे, घेणारा यायच्या आत दिवा आणि वायर काढून टाका म्हणाली. पाना तिनं मला आधीच देऊन टाकला होता. मी अंगणात गेलो तर दिवा चालू. ओट्यावर चार्जर घुमत होता. "मीच लावून ठेवते, मामा," ती म्हणाली. "बंद करवत नाही." ती आत गेली. मी हात जोडले, बॉनेट उघडलं, नटाला पाना लावला. जरासा जोर दिला की झालं असतं. दहा वर्षांत तो नट इतक्यांदा फिरला होता, घट्ट नव्हताच.

बराच वेळ झाला तशी सुनीतानं खिडकीतून विचारलं, "झालं का मामा?"

मी पाना खिशात ठेवला. "नाही गं," म्हणालो. "बघतोय अजून, कुठं गळतंय ते."