वयाऐवजी काम विचारणारे हसनमियाँ चष्मेवाले

हसनमियाँना साठावे वर्ष लागले म्हणून अमरावतीच्या कापूस बाजारातल्या मंडळींनी हे पुस्तक छापायचे ठरवले आणि पहिला लेख माझ्या गळ्यात पडला. पडणारच! त्यांच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक माझ्याच नाकावर बसली होती.

तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस थांबला, विलायतेला पुरेना, म्हणून वऱ्हाडातून गाड्यांमागून गाड्या निघत. मी पारखी. कापसाचा पुंजका दोन्ही हातांनी ओढायचा, हातभर अंतरावर धरून तंतूची लांबी सांगायची. माझ्या शब्दावर सौदा व्हायचा. पंचेचाळिशीत तेच तंतू पुसट दिसू लागले. मी हसनमियाँच्या दुकानात गेलो. ती आमची पहिली भेट. सगळेच चष्मेवाले विचारत तसे त्यांनी वय विचारले. मी ऐटीत म्हणालो, "मले सगळ्यात जाड भिंगाचा द्या. हलका माल नको." त्यांनी दिला.

पुढे बोभाटा झाला. मी लांब म्हणून ठरवलेला कापूस मुंबईला आखूड निघाला. एक शेटजी भर बाजारात ओरडले, "पारखी विकला गेला!" मी घरात तोंड लपवून बसलो. बायको म्हणाली, "पैसे खाल्ले नाई ना तुमी? मंग काहून लपून राह्यले?"

रागाने तो चष्मा घेऊन मी हसनमियाँकडे गेलो. ते चिडले नाहीत. म्हणाले, "भाऊ, तुमी कापूस पाह्यता कसा, ते दाखवा बरं." मी चष्मा लावून पुंजका थेट नाकाजवळ आणला. मग त्यांनी माझे भिंग काढून दारासमोरच्या भिंतीजवळ धरले. काय सांगू! रस्त्यावरचे बैल भिंतीवर इवलेसे उमटले, पाय वर, शिंगे खाली, आणि तसेच चालत गेले. मी राग विसरलो.

"हे उलटं काहून?"

"वरचा उजेड भिंगातून खाली जाते, खालचा वर," ते म्हणाले. मग त्यांनी पातळ भिंग घेतले; त्याचे चित्र उमटायला ते भिंतीपासून बरेच दूर न्यावे लागले. "पाह्यलं? भिंग जितकं फुगीर, तितकं त्याचं काम जवळचं. तुमाले कापूस नाकाशी आणा लागला. जवळची चीज मोठी दिसते. आखूड तंतू तुमाले लांब दिसला, बाप्पा."

मी म्हटले, मग पातळ भिंग द्या आणि विषय संपवा. ते म्हणाले, "तुमचा संपन, माझा नाई."

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत बाजारात आले. त्या शेटजींच्या नाकावर तोच जाड चष्मा चढवला, हाती एक तंतू दिला आणि दिसते तेवढी रेघ फळीवर कोळशाने ओढायला सांगितली. शेटजींनी तंतू जवळ आणून नीट पाहिला आणि रेघ ओढली. हसनमियाँनी तोच तंतू रेघेवर ठेवला. तो अर्ध्यातच संपला.

"चूक माझी हाय," हसनमियाँ मोठ्याने म्हणाले. "मी याईले वय विचारलं, काम नाई विचारलं. याईची नियत साफ हाय."

हट्ट माझा होता, हे त्यांनी उच्चारलेसुद्धा नाही. धंद्यातला कोणता माणूस आपलीच चूक अशी चव्हाट्यावर मांडतो? पुढे कितीतरी दिवस त्यांच्या दुकानाकडे कोणी फिरकले नाही. मला मेल्याहून मेल्यासारखे होई, आणि ते मात्र निवांत भिंगे घासत बसत.

तेव्हापासून त्यांच्या दुकानात रीतच पडली. आधी काम विचारायचे, ते करून दाखवायला लावायचे, मग डोळ्यापासून हातापर्यंत दोरीने अंतर मोजायचे आणि त्यानंतरच भिंग निवडायचे. शिंप्याला एक, पोथी वाचणाऱ्याला दुसरे, सोनाराला तिसरे. आता अकोल्याहूनही माणसे येतात. एक भटजी चिडले होते, "मी काय कपडा आहे, दोरीनं मोजाले?" पण चष्मा घेऊनच गेले.

हसनमियाँना परमेश्वराने भरपूर आयुष्य द्यावे, गुडघे धड ठेवावेत, हात कधी थरथरू देऊ नयेत. आमची सगळ्यांची ही मागणी आहे. माझी एक जास्तीची. माझी नातवंडे आज बाजारात विचारल्यावर आजोबांचे नाव ठणकावून सांगतात. ते नाव कोणामुळे उरले, हे त्यांना सांगायला मी असेन-नसेन. हसनमियाँ, तुम्ही असा. फक्त तुम्ही ते कधीच सांगणार नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवले.