वाऱ्याकडून पेटवलेला राब

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज कल्याणच्या बाजारातून गाडी हाकत येताना भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा पसरून राब भाजल्याचा वास आला आणि धाकट्या भावाचं शेत आठवलं. वाटणीनंतर गावात हिरवीगार रोपं त्याचीच; येईल त्याला आई तीच दाखवायची. मी आतल्या आत जळायचो.

“दादा, माझा राब तूच पेटव रे, तुझा हात चांगला,” तो म्हणाला. मला तो टोमणा वाटला. आज कळतं, मान होता. राब वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवला की सावकाश जळून माती भाजते. मी मुद्दाम वाऱ्याकडून पेटवला. भसकन जळला, माती कच्ची राहिली, रोपांत तण माजलं, त्याला रोपं कमी पडली. लावणीला मी माझी उरलेली रोपं दिली, तर म्हणाला, “तू होतास म्हणून निभावलं, दादा.” ते मला गोड लागलं. त्याला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.