स्लोव्हाकियाच्या वाटणीला आमचा पंच

स्लोव्हाकिया नकाशावर कुठे आहे हे मला नाटकात निवड झाल्यावर कळलं. सांगायला लाज नाही. आमच्या घरात कॉलेज पाहणारा मी पहिलाच, आणि पहिल्याला बऱ्याच गोष्टी उशिराच कळतात.

नगरच्या आमच्या कॉलेजात इतिहासाचे एक सर होते. स्लोव्हाकिया चेकोस्लोव्हाकियातून वेगळा होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. त्याची हजार वर्षं हसतखेळत सांगणारं नाटक त्यांना इंग्रजीत सापडलं आणि त्यांनी ते कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेसाठी मराठीत केलं. नाटकात एकच घर, एकच खुर्ची. घरमालक स्लोव्हाक म्हणजे मी. अंगावर आमच्याच घरची घोंगडी, हातात काठी. हंगेरीचा सरदार यायचा, माझ्या खुर्चीत बसायचा आणि माझंच नाव मला त्याच्या भाषेत घ्यायला लावायचा. तो गेला की थोरला भाऊ चेक यायचा, गळ्यात पडायचा आणि त्याच खुर्चीत बसायचा. मी आपला हजार वर्षं उभाच! शेवटी दोघा भावांची वाटणी होते आणि स्लोव्हाक पहिल्यांदा बसतो. "त्या बसण्यासाठी सगळं नाटक आहे," सर म्हणायचे.

इकडे वडिलांनी सुप्याच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. नाटकाचं कळल्यावर म्हणाले, "शिकाय गेला का तोंड रंगवाय? येतो बघाय. पटलं तर शेवटचं वरीस शीक, न्हाईतर सोमवारपासनं सुपा."

वडील, म्हणजे आमचे दादा, गावचे पंच. आसपासच्या गावांत कुणाची वाटणी असली की त्यांना बोलावणं हमखास.

स्पर्धेच्या दुपारी ते तिसऱ्या रांगेत बसले. पांढरी टोपी, ताठ मान. हंगेरीचा सरदार आला, हॉल हसला, ते हसले नाहीत. थोरला भाऊ गळ्यात पडला, तरी नाही. मला स्टेजवरूनच सुपा दिसायला लागलं.

वाटणीचा प्रवेश आला. आम्ही दोघा भावांनी ताटवाट्या भराभर वाटल्या, हात मिळवले. तेवढ्यात खणखणीत आवाज आला, "थांबा! पंच कुठंय?"

वडील उभे होते. हॉल खदखदून हसला. विंगेत सरांनी कपाळावर हात मारला.

"हसताय काय? दोघांनीच वाटणी उरकली, तर उद्या बांधावर डोकी फुटत्याल! आन इहिरीचं काय ठरलं?"

सरांच्या नाटकात विहीरच नव्हती. गप्प राहावं तर नाटक कोसळतंय, बोलावं तर काय बोलावं? तोंडातून निघून गेलं, "आमच्याकडं पंचच मिळंना, दादा. तुमीच सांगा."

ते गंभीरपणे म्हणाले, "इहीर सामाईक ठिवा. पाळीनं पानी घ्या. आन थोरल्यानं वाटं घातलं ना? मग आधी धाकल्यानं आपला वाटा उचलायचा. रीत हाय ती."

चेक झालेला मित्र नगर शहरातलाच, सावेडीचा. त्यानं जन्मात वाटणी पाहिली नव्हती. तो बिचारा घाबरून खुर्चीतून उठला. "उचल बाबा, तूच आधी उचल!"

मी खुर्ची उचलली, मधोमध ठेवली आणि बसलो. टाळ्या थांबेनात. वडील मान डोलवून खाली बसले, जणू एक काम मार्गी लागलं.

दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी खास लिहिलं होतं, 'प्रेक्षकांत पात्र बसवण्याची कल्पना उत्तम.' सरांनी ते वाचून कुणाला काहीही सांगितलं नाही.

मी वडिलांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. सुप्यावरून जाणारी गाडी लागली, तेव्हा पायरीवर पाय ठेवून वळले.

"त्या दोघांचं इहिरीचं खरंच काय ठरलं रं?"

"माहीत नाही, दादा."

"मग सरांस्नी इचारून ठेव. मी दिवाळीला इचारीन."

"आन सोमवारी? सुपा?"

"सुपा कुठं पळून जातंय व्हय? आधी त्यांची वाटणी पुरी शीक."