विझला तरच खरा

गळ्याशप्पथ सांगतो, पुढं जे लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. प्रत्येक प्रसंगाला मी स्वतः हजर होतो. एका प्रसंगाला नव्हतो, पण तोच मला सगळ्यांत चांगला आठवतो! शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील. माणसंही झाली असतील. आकाश मात्र होतं तसंच ठेवलंय.

असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात रिकामी पोती साचतात, तसे ते साचतात. एक उचलायला जावं तर खालून तीन निघतात, आणि एखाद्यातून उंदीर!

आमचं टोळकं लहानसं. कांबळे मॅडम बारामतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात. मी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. विहिरीतल्या मोटरी जळल्या की लोक माझ्याकडं बघतात, नाही जळल्या की मी आकाशाकडं बघतो. तिसरे तात्या. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कुठंकुठं फिरायचे. तात्यांचा मात्र ऊस आहे, गाई आहेत, आणि काटेवाडीच्या पुढं इंदापूर रस्त्याला एक बंद पडलेली पोल्ट्री शेड होती. ती त्यांनी मॅडमच्या दुर्बिणीला दिली. भिंतीवर मॅडमनी बुद्धांची तसबीर लावली, तात्यांनी शेजारी बिरोबाचा फोटो लावला आणि मी माझ्या दुकानाचं कॅलेंडर. तिघांचं कधी भांडण झालं नाही.

मॅडमना ध्यास एकच. गॅमा-किरण स्फोटाचा. लांब कुठंतरी एखादा अवाढव्य तारा कोसळतो आणि आपला सूर्य जन्मभरात देणार नाही एवढी ऊर्जा काही सेकंदांत फेकून मोकळा होतो. वर फिरणारे उपग्रह ती चमक पकडतात आणि जगभरच्या मोबाईलवर मेसेज सुटतो, अमुक दिशेला बघा! तोवर स्फोट संपलेला असतो. मागं राहतो तो एक मंद उजेड, चुलीतला जाळ गेल्यावर निखारा राहावा तसा. आपल्या दुर्बिणीतून तो पकडायला फार तर काही तास मिळतात. त्या निखाऱ्याचा एक फोटो या शेडमधून काढायचा, एवढंच मॅडमचं मागणं.

पण तात्यांचा मुलगा सागर शेजारच्याच रानात लग्नाचं लॉन्स बांधत होता. दिवाळीनंतर तिथले फ्लडलाइट लागले की आमचा अंधार संपला. दुर्बीण कॉलेजची. अंधार गेला की ती परत कॉलेजच्या अडगळीत जाणार होती. थोडक्यात, मॅडमच्या नावावर दिवाळीपर्यंतचंच आकाश होतं.

*

शेडचं पत्र्याचं छप्पर बाजूला सरकावं म्हणून मी त्याला चाकं बसवली. इंजिनिअर लोकांनी बघून तोंडात बोट घालावं असं काम! फक्त ब्रेक राहून गेला.

पहिल्या दिवशी हातानं ढकलून हलेना. तात्या म्हणाले, "ट्रॅक्टर लावतो." मी म्हटलं, "हळू हं." तात्यांनी आयुष्यात कुठली गोष्ट हळू केली असेल तर ती म्हणजे माझं बिल देणं. त्यांनी क्लच सोडला आणि छप्पर जे निघालं ते थेट शेजारच्या मक्यात! आणखी थोडा जोर लावला असता तर फलटणच्या हद्दीत पंचनामा झाला असता.

मॅडम आता ओरडणार म्हणून मी कोपरा धरला. ओरडल्या नाहीत. अंधार पडला होता, लाईट गेलेली होती, आणि कोंबड्यांच्या त्या चार भिंतींवर अख्खी आकाशगंगा येऊन टेकली होती. तात्या ट्रॅक्टरवरून उतरले, वर बघितलं आणि हळूच म्हणाले,

"एवढ्या वरसांत शेडमधी काय भारी माल हुता, आमी कोंबड्या पाळत बसलो!"

*

पहिला मेसेज आला तेव्हा तात्या नुकतंच जेवून पान लावत होते. मॅडम धावतच आल्या. "तात्या, चला! स्फोट झालाय!"

"कवा झाला?"

"शेकडो कोटी वर्षांपूर्वी."

तात्यांनी पानाला चुना लावला. "मग एवढी पळापळ कशापायी? एवढी वरसं थांबला, सकाळपस्तोर थांबंल की! सकाळी बघू."

मॅडम तिथंच खाली बसल्या. म्हणाल्या, "तात्या, तो उजेड तिकडून निघाला तेव्हा इथं पृथ्वीवर माणूस नव्हता. जनावर नव्हतं. गवताची काडीसुद्धा नव्हती. तेव्हापासून तो चालतोय. वाटेत कुठं थांबला नाही. आणि आज, आत्ता, तो तुमच्या रानात पोचलाय. सकाळी तो नसेल."

पान हातातच राहिलं. तात्यांनी एकदा मॅडमकडं बघितलं, एकदा उसाकडं, आणि पायात चपला सरकवून माझ्यावर खेकसले,

"मग बसलायस काय बघत? पाव्हणा दारात हुभा हाय!"

*

त्या पाहुण्याची भेट झाली नाही. आम्ही छप्पर सरकवलं, दुर्बीण वळवली, आणि नेमकं त्या दिशेला पलीकडच्या भावकीनं तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलं! धुराचा लोळ असा उठला की दुर्बिणीतून तारा सोडा, छपराची कडा दिसेना.

मी बांधावर पळत गेलो. "अहो, विझवा ते! वर मोठा स्फोट झालाय!"

पाचट पेटवणारे आबा काठी टेकून उभे होते. त्यांनी शांतपणे वर बघितलं. "वर झालाय न्हवं? मग माझ्या पाचटाचं काय काढलंस?"

मॅडम धुरात उभ्या राहून खोकत होत्या. तात्या मात्र डोळ्यांवर आडवा हात धरून धुराकडं बघतच राहिले. म्हणाले, "मॅडम, म्या इचार करतोय. आख्ख्या दुनियेत दिसंल एवढा जाळ झाला. इतक्या लांबनं तो हितवर आला. वाटंत त्याला कुणी अडवलं न्हाय. आन अडवलं कुणी, तर आमच्या भावकीनं!"

*

कऱ्हाटीला एका लग्नात मॅडम जेवायला बसल्या होत्या. जिलबी वाढून झाली आणि त्यांचा मोबाईल किंचाळला. या मेसेजसाठी त्यांनी असा काही आवाज लावलेला की बाळंतीण दचकावी. मॅडम ताटावरून उठल्या, हात धुतला, "गेला गेला!" म्हणत गाडीकडं पळाल्या.

पंगत थांबली. यजमानांनी मला विचारलं, "काय झालं?"

आता पंगतीत ताऱ्याचं कोसळणं कुठं समजावणार? मी तोंड पाडून म्हटलं, "त्यांच्यातलं कुणीतरी गेलं."

दुसऱ्या दिवशी लग्नघरातल्या एक आजीबाई सुनेला घेऊन मॅडमच्या दारात हजर! मॅडमनी पाणी दिलं. आजींनी पदर सावरला. "कोण गेलं गं बाई?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही, ही त्यांच्यातली मोठीच उणीव. त्या म्हणाल्या, "तारा होता, आजी."

"वय काय हुतं?"

"तीस-चाळीस लाख वर्षं. म्हणजे तसा तरणाच."

आजींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. सुनेकडं बघितलं. मग म्हणाल्या, "लई लांबचा हुता का?"

"फार लांबचा."

"मग शेवटचं बघाया मिळालं का?"

मॅडमचा चेहरा पडला. "नाही हो. ढग आले."

सून सांगत होती, आजी घरी आल्या त्या थेट चुलीकडं गेल्या. चुलीपुढं बसल्यावर एकदम म्हणाल्या, "तरण्या ताऱ्याचं बी असं हुतं म्हंजे बघ!" आणि त्या दिवसापासून त्यांनी सुनेवर ओरडणं कमी केलं. (पंगतीला होतो, या भेटीला मात्र मी नव्हतो.)

*

एकदा मात्र फोटोत ठिपका आलाच! जुन्या फोटोत ती जागा रिकामी, नव्या फोटोत तिथं टिकली लावल्यासारखा ठिपका. मी नाचलो. तात्या नाचले. मी गाडी काढली, बारामतीतनं पेढे आणले आणि काटेवाडीपासून दुकानापर्यंत दिसेल त्याच्या हातावर ठेवत सुटलो.

मॅडम सांगत होत्या, "थांबा. अजून एक फोटो घेऊ. हा उजेड झपाट्यानं ओसरतो. जो मंद होत गेला तोच खरा. जो तसाच राहिला तो आपला नाही."

दुसरा फोटो आला. ठिपका ठणठणीत. तिसरा आला. ठिपका तिथंच, तेवढाच, जावयासारखा ठाण मांडून! शेवटी कळलं की तो आकाशात नव्हताच. आमच्या कॅमेऱ्याचाच एक दाणा, म्हणजे पिक्सेल, बिघडला होता.

मॅडम डोळे मिटून खुर्चीत बसल्या. आधीच दिवाळी जवळ येत चाललेली, लॉन्सचे खांब उभे राहिलेले. तात्या उरलेला पेढा हातात घेऊन म्हणाले,

"दिसला म्हणून हसलो तर खोटा निघाला. आता विझला म्हणून हसायचं. काय धंदा म्हणावा ह्यो! आमच्यात दिवा विझला तर बाया शिव्या घालत्यात!"

*

आणि हा शेवटचा.

पाऊस सरला होता, हवा धुतल्यासारखी स्वच्छ. दिवेलागण झाली आणि शेजारी सागरनं लॉन्सचे फ्लडलाइट पहिल्यांदा लावले. टेस्टिंग! असा उजेड पडला की तात्यांच्या गाई उठून उभ्या राहिल्या. भिगवणहून आणलेला वायरमन खांबावर चढून एकेक दिवा फिरवत होता.

तेवढ्यात मॅडमचा मोबाईल किंचाळला.

जागा बरोब्बर डोक्यावर. स्फोट होऊन काही मिनिटंच झालेली. एवढ्या ताज्या खबरेचा मेसेज आम्हाला कधीच मिळाला नव्हता. आणि आमच्या डोक्यावर आकाश कुठलं, नुसतं पांढरं ताक!

मॅडम बांध ओलांडून गेल्या. "सागर, मला तासाभराचा अंधार दे."

"मॅडम, आज न्हाय जमायचं. ह्यो वायरमन लय मिनतवारीनं घावलाय. उद्या घ्या की. उद्या आख्खी रात्र तुमची!"

"उद्या तो नसेल, सागर."

एवढंच बोलल्या. मॅडमना गयावया करता येत नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, मोबाईल हातात घट्ट धरून.

तात्या मागून आले. "सागर, लॉन्स कशासाठी बांधतोयस?"

"लग्नासाठी. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

"लग्नाचा मुहूर्त हाय, नवरा-नवरी हुभी हायती, समदे अक्षता घेऊन हायती, आन म्या म्हनलं, आज न्हाय, उद्या बघू. काय करशील?"

"लोक मारत्याल की मला!"

"मग मॅडमचा मुहूर्त आत्ता हाय. पंचांगात न्हाय, भटजीला ठाव न्हाय. तिकडनंच निघालाय. लॉन्सवाला हायस ना? मुहूर्ताचा मान ठेव. पयला मुहूर्त ह्योच समज."

सागरनं बापाकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. मग गेला आणि मेन स्विच खाली ओढला.

काळोख. खांबावरून ओरडा आला, "ओ शेठ! मी वरच हाय!"

"ऱ्हा तिथंच!" तात्या ओरडले. "वर जवळ हायस, काय दिसलं तर सांग!"

आम्ही छप्पर सरकवलं. पहिला फोटो आला. जिथं जुन्या फोटोत काहीच नव्हतं, तिथं एक ठिपका. कुणी नाचलं नाही. मी तर श्वाससुद्धा बेतानंच घेत होतो. थोड्या वेळानं दुसरा फोटो. मॅडमनी दोन्ही शेजारी लावले. आजूबाजूचे सगळे तारे होते तसेच, आणि मधला तो ठिपका कमी झालेला. मग तिसरा. आणखी कमी. मॅडमचं बोट पडद्यावर त्या ठिपक्याशी टेकलेलं होतं.

"हाच," त्या म्हणाल्या. "तात्या, हाच."

सागर दारात उभा होता. आत आला, पडद्याच्या अगदी जवळ गेला. पहिल्या फोटोकडं बघितलं, तिसऱ्याकडं बघितलं. त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"मॅडम... माझ्या लाईटीमुळं विझत चाललंय का ते?"

तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "न्हाय रं बाळा. ते जाणारच हुतं. आपण निदान येळेवर आलो."

*

आता शप्पथ घेतलीच आहे तर सांगून टाकतो. वायरमन खांबावर नव्हता. तो आधीच उतरून चहा पीत बसला होता. गोष्टीत त्याला वर मी चढवला.

आणि तात्यांच्या तोंडचं ते शेवटचं वाक्य माझं आहे. तात्या तसं काही बोललेच नाहीत. सागरच्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही. आम्ही चौघं त्या शेडमध्ये माना वर करून उभे राहिलो. नुसत्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नव्हतं, हे चौघांनाही माहीत होतं. तरी कितीतरी वेळ कुणी मान खाली घेतली नाही, आणि दिवे लावायलाही कुणी गेलं नाही.