पागेच्या शाळेचं नाव

माझी पहिली शाळा म्हणजे घोड्यांची पागा. भिंतीत ओळीनं लोखंडी कड्या होत्या, त्यांना एके काळी घोडे बांधत. आम्ही मुली त्यांना आमच्या पिशव्या अडकवायचो. ज्या दगडी हौदात घोडे पाणी प्यायचे, तिथं आम्ही पाट्या धुवायचो. पावसाळ्यात भिंती ओलावल्या की घोड्यांचा जुना वास परत यायचा आणि मेष्ट्रु, म्हणजे आमचे मास्तर, नाकाला उपरणं लावून बेरजा शिकवायचे. आम्हाला तो वास आवडायचा. आजही जटक्याचं, म्हणजे टांग्याचं, घोडं जवळून गेलं की मला पाढे आठवतात.

म्हैसूरला चामराजपुरमच्या अंगाला आमची आळी. सगळी घरं मराठी शिलेदारांची. पूर्वज महाराजांच्या घोडदळात चाकरीला आले आणि इथलेच होऊन गेले. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण दोन शब्द मराठी झाले की तिसरा कन्नड ठरलेला. देशावरचा एखादा पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसायचा. आम्हाला त्याचंच बोलणं पोथीतल्यासारखं वाटायचं.

आजोबा आळीत सगळ्यांत वडीलधारे. घोडदळातले निवृत्त दफेदार, नाकावर माशी बसू न देणारे. त्यांच्या डोळ्यांदेखत घोडदळ घटलं, पागेतला शेवटचा घोडा गेला आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून झाला. वडील सकाळी छत्री घेऊन बाहेर पडले की आजोबा म्हणायचे, "निघाली स्वारी!" वडील बिचारे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आजोबांच्या मनात एक सल होता आणि तो दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी वर यायचा. श्राद्धात बाप, आजा, पणजा एवढ्यांचीच नावं घेतात. भटजी गेले की आजोबा मला जवळ बसवून विचारायचे, "माझ्या पणज्याचा बाप घोड्यावरून एवढ्या लांब आला. त्याचं नाव काय ग?" मला कुठलं ठाऊक असणार! "मलाही ठाऊक नाही," ते म्हणायचे. "तीन पिढ्या झाल्या की माणूस गळतो. सुम्ने, आपला उगीच गळतो, कुणाला कळतसुद्धा नाही." हे बोलताना त्यांच्या आवाजातली दफेदारी कुठल्या कुठे जायची, आणि मला उगाच भीती वाटायची.

शाळेचा ध्यास मात्र आईचा. तिला अक्षर येत नव्हतं. माहेरचं पत्र आलं की ते वडिलांकडून वाचून घ्यावं लागे, आणि वडील कारकुनासारखंच वाचायचे: मधलं सगळं वगळून शेवटचं तेवढं. आपल्या मुलीनं पत्र स्वतः वाचावं एवढंच तिला हवं होतं. मुलींची सरकारी शाळा आळीत यायची तर जागा आळीनं द्यायची आणि मुलींची यादी द्यायची, मास्तर सरकार देणार, असं कळलं, आणि आई घरोघर हिंडायला लागली. आजोबांनी रिकामी पागा देऊ केली. आईनं कान भरले म्हणून दिली असं चुलत काकू म्हणायची. सुनेचं ऐकणाऱ्यातले ते नव्हते, पण तेव्हा ऐकलं खरं.

अर्जात शाळेचं नाव लिहायचं होतं. त्यासाठी पुरुषमंडळी देवीच्या देवळाच्या पारावर तीन संध्याकाळ बसली. पानं किती खाल्ली त्याला गणती नाही. एकानं महाराजांचं नाव सुचवलं; दुसरा म्हणाला, ते आधीच इतक्या ठिकाणी आहे की टपालवाला गोंधळेल. कुणी देवीचं नाव काढलं, तर लगेच प्रश्न आला की मग पोरींनी चपला कुठं काढायच्या? आळीत निम्म्या पोरींना चपलाच नव्हत्या, पण वाद झाला. शेवटी आमच्या शेजारचे चुलत आजोबा म्हणाले, "ज्यानं पागा दिली त्याचंच द्या की नाव. बेरे याकऽ?" दुसरं कशाला?

मी आजोबांच्या मांडीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "छे छे, माझं कशाला." मंडळींनी आग्रह केला. ते परत म्हणाले, "नको रे." मंडळींनी पुन्हा आग्रह केला. तिसऱ्यांदा मात्र ते काही बोलले नाहीत. न जाणो, लोक खरं मानतील! घरी येताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. "पोरी," ते म्हणाले, "दारावर लिहिलेलं गळत नाही."

रंगाऱ्याकडून नावाची फळी लगेच तयार होऊन आली. सागवानी, वर कन्नडात, खाली बाळबोधीत, आजोबांचं पूर्ण नाव आणि पुढं शाळा. ती त्यांनी धोतरात गुंडाळून खाटेखाली ठेवली. दुपारी सगळे निजले की बाहेर काढून धोतरानं पुसायचे. मी झोपेचं सोंग घेऊन बघायची.

आता आमच्या पुरुषांची हुशारी ऐका. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. चुलत सासऱ्याचंही नाही. आजोबांचं नाव एका देवाचं. त्या देवाची आरती म्हणायची तर आई त्या ओळीला ओठ मिटून घ्यायची, आणि एरवी 'मामंजींच्या नावाचा देव' म्हणायची. आळीतली घरं सगळी एकमेकांत गुंतलेली. ज्या बायांच्या मुली त्या शाळेत जायच्या, त्या साऱ्या नात्यानं आजोबांच्या सुना, चुलत सुना, नाहीतर नातसुना. एवढं पान खाऊन तीन संध्याकाळ बसलेल्या मंडळींच्या हे डोक्यातच आलं नाही. आणि बायांना कुणी विचारलं नव्हतं. त्या आपसात 'पागेतली शाळा' म्हणत आणि कामाला लागत.

मग शिक्षण खात्याचे साहेब आले. डोक्याला जरीकाठी म्हैसुरी पेटा, हातात यादी. दुसऱ्या एका पेठेत पुरुषांनी मोठी यादी पाठवली, शाळा उघडली, आणि एकही पोरगी फिरकली नाही, असं त्यांच्या बाबतीत घडलं होतं. ताक फुंकून प्यायला लागले होते ते. म्हणाले, यादी मला नको, आयांना बोलवा. पागेच्या दारात बाया पदर पुढं ओढून उभ्या राहिल्या. पुरुष एका बाजूला. आजोबा खुर्चीत, लष्करी कोट घालून. फळी त्यांच्या मागं भिंतीला टेकून, धोतरात झाकलेली. साहेबांनी 'पसंत' म्हटलं की ती उघडायची होती.

साहेबांनी पहिल्या बाईला सरळ प्रश्न केला, "मुलगी कोणत्या शाळेत घालणार? हेसरु हेळि, अम्मा." नाव सांगा.

पहिली बाई गप्प. दुसरीला विचारलं, ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली. कडकोळला माहेर असलेली आमची चुलत काकू एरवी चार आळ्यांना ऐकू जाईल अशी बोलायची, तिनंही तोंडात मिठाची गुळणी धरली. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ते पुरुषांकडे वळून म्हणाले, "शाळेचं साधं नाव यांना ठाऊक नाही, आणि तुम्ही म्हणता या मुली पाठवणार?" त्यांनी यादीची घडी घातली. मी आईकडे बघितलं. ती एक पाऊल पुढं झाली.

आई बोलली. परक्या पुरुषाशी ती त्याआधी कधी बोलली नव्हती. "नाव ठाऊक आहे स्वामी, घेता येत नाही. मामंजींचं आहे ते."

"आणि या?" साहेबांनी काकूकडे बोट केलं.

"तिचे चुलत सासरे."

"त्या पलीकडच्या?"

"अय्यो, तिचेपण तेच की!"

साहेब म्हैसूरचेच, त्यांच्या घरातही हीच रीत असणार. त्यांना क्षणभरात उमगलं आणि ते पोट धरून हसले. मग पुरुष हसले, पदराआड बाया हसल्या. कुणीतरी धोतर ओढून फळी उघडी केली, तेव्हा तर हशाला ऊत आला. आजोबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी मान वळवून फळीकडे बघितलं आणि मग बायांच्या त्या ओळीकडे.

साहेब हसू आवरून अदबीनं म्हणाले, "दफेदार, माझी हरकत नाही. पण रोज सकाळी पोरीला शाळेत पिटाळणार ती आई. आईच्या तोंडी नसेल त्या नावाची शाळा किती दिवस चालायची? तुम्हीच सांगा."

पुरुषमंडळी एकदम बोलायला लागली. नुसतं 'शाळा' म्हणतील, त्यात काय, चालेल की. आजोबांनी हात वर केला तसे सगळे गप्प झाले. ते उठले, पागेच्या आत गेले आणि भिंतीतली एक कडी हातात धरून तिथंच उभे राहिले. तिथं त्यांची घोडी बांधलेली असायची हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, आता ते पागा द्यायलाच नाही म्हणतील. आईलाही तेच वाटलं असावं, कारण तिनं माझा खांदा पकडला.

आजोबा आतूनच म्हणाले, "सूनबाई, तुम्ही बाया हिला काय म्हणता?"

आईनं खाली बघत सांगितलं, "पागेतली शाळा म्हणतो, मामंजी."

आजोबा बाहेर आले. साहेबांना म्हणाले, "बरकोळ्ळि स्वामी. लिहून घ्या. पागा शाळा."

"दफेदार, तुमचं नाव..."

"आयितु," आजोबा म्हणाले. झालं. आणि कोटाची बटणं काढत घराकडे चालायला लागले.

फळी रंगवणाऱ्यानं विचारलं, जुनी अक्षरं खरवडू का? आजोबा म्हणाले, "बेडा, नको. उलटी कर." तेव्हा नवं नाव फळीच्या मागच्या अंगावर रंगवलं गेलं, आणि आजोबांचं नाव भिंतीकडे तोंड करून दारावर लागलं. शाळा भरली. सगळ्या बाया सकाळी आपापल्या दारातून ओरडायच्या, "पागा शाळेची वेळ झाली ग!" आळी दणाणून जायची. आजोबा देवळात जायला लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले. शाळेवरून जायचे नाहीत. श्राद्धाच्या दिवशीही त्यांनी मला जवळ बसवून तो प्रश्न विचारला नाही. आईचं मन आतल्या आत खात होतं. एकदा चुलीपुढं बसून ती मला म्हणाली, "मी तोंड उघडलं नसतं तर फळी सुलट असती." मला रडू आलं; कारण तिनं तोंड उघडलं नसतं तर मी शाळेत नसते, आणि हे दोन्ही एकदम खरं होतं.

दुपारी जात्याशेजारी बसून मी आईला अक्षरं शिकवायला लागले. ती शिकायची मोठ्या घाईनं, उतू जाणाऱ्या दुधाकडे एक डोळा ठेवून. क आला, ख आला, काना-मात्रा आल्या. माहेरचं पत्र ती हळूहळू वाचू लागली, मधलंसुद्धा. वडिलांना ते फारसं रुचलं नाही, पण त्यांचंही काम वाचलं.

दोनेक वर्षं गेली. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ओसरीवर ते दिवसभर खाटेवर बसून असत. एका दुपारी आईनं माझी पाटी मागून घेतली आणि बराच वेळ माझ्याकडे पाठ करून लिहीत बसली. पुसलं, परत लिहिलं. मग पाटी माझ्या हातात देऊन म्हणाली, "मामंजींना नेऊन दे." ती स्वतः दाराआड उभी राहिली.

आजोबांनी पाटी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मग बोटांनी चाचपली. "काय आहे हे?"

"आईनं लिहिलंय."

"सूनबाईनं? काय लिहिलंय, सूनबाई?"

दाराआडून उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं. आजोबा थोडा वेळ कान देऊन बसले आणि मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांना कळलं. सून जे तोंडानं घेऊ शकत नाही असं एकच होतं.

"वाच ग," ते मला म्हणाले.

मी वाचलं. त्यांचं पूर्ण नाव, त्यांच्या बापाच्या नावासकट, वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत.

"अजून एकदा. मोठ्यानं."

मी शाळेत कविता म्हणतात तशी ओरडून वाचलं. आजोबांनी पाटी मांडीवर घेतली आणि तिच्यावर हात न टेकवता, चौकटीला दोन्ही बाजूंनी धरून बसून राहिले, पुसलं जाऊ नये म्हणून. संध्याकाळी मी मागितली तर दिली नाही. सकाळीही दिली नाही. त्या दिवशी मी पागा शाळेत पाटीशिवाय गेले आणि मेष्ट्रुंच्या दोन छड्या खाल्ल्या.